दंडार, भजन अन् बोडीवरची पहाट: दोन ओम्नी माईकवर आवाज कसा धरायचा

आपल्याकडे रेकॉर्डिंगचं नाव निघालं की पहिला प्रश्न ठरलेला, माईक कोणाकडे वळवायचा? शाहिराकडे, ढोलकीकडे, पेटीकडे की मागून सूर धरणाऱ्या झिलकऱ्यांकडे? ओम्नी माईकला हा प्रश्न लागूच होत नाही, कारण त्याला समोरचं, मागचं, वरचं, खालचं सगळं जवळपास सारखंच ऐकू येतं. त्याच्यासोबत एकच गोष्ट ठरवायची असते, तो उभा कुठं करायचा. माझं मत स्पष्ट आहे, मंडईतली (म्हणजे गावजत्रेतली) दंडार, हे आपलं नाच-गाण्याचं लोकनाट्य, कार्तिकातली काकड आरती, धानाच्या बांधीवरची पहाट हे जसं आहे तसं धरून ठेवायचं असेल तर दोन ओम्नी कंडेन्सर अन् डोकं लावून निवडलेली जागा एवढं पुरतं, अन् बहुतेक वेळा ते दहा माईकच्या गर्दीपेक्षा चांगलं होतं. का ते सांगतो. थोडं विज्ञान येईल मधे, पण दहावीच्या पलीकडचं काही नाही.

आधी कंडेन्सर म्हणजे काय ते पाहू. एक अतिशय पातळ पडदा असतो, त्याला डायफ्रॅम म्हणतात, अन् त्याच्या मागं मिलीमीटरच्या काही शतांश अंतरावर धातूची पक्की प्लेट. दोघांत विद्युतभार ठेवलेला असतो. आवाज म्हणजे हवेच्या दाबात होणारा चढउतार, तो पडद्यावर येऊन आदळला की पडदा हलतो, पडदा अन् प्लेट यांच्यातलं अंतर कमीजास्त होतं अन् त्याबरोबर व्होल्टेज बदलतं, तेच व्होल्टेज पुढं रेकॉर्डरमध्ये जातं. ई. सी. वेंट या अमेरिकन संशोधकानं १९१६ साली असा माईक बनवला, अन् शंभर वर्षं उलटून गेली तरी मूळ कल्पना तीच आहे. स्टेजवर हातात धरायचा जो डायनॅमिक माईक असतो त्यात पडद्याला तारेचं वेटोळं चिकटवलेलं असतं, ते वजन घेऊन पडद्याला हलावं लागतं. कंडेन्सरचा पडदा एकटाच, हलका, म्हणून खंजिरीच्या चकत्यांची किणकिण किंवा टाळाचा शेवटचा झंकार त्यात स्वच्छ येतो.

कंडेन्सरला वीज लागते. मोठ्या माईकला रेकॉर्डर किंवा मिक्सरमधून ४८ व्होल्टची फँटम पॉवर द्यावी लागते. छोट्या कॅप्सूलमध्ये, म्हणजे आवाज पकडणाऱ्या माईकच्या डोक्यात, मात्र भार कायमचा साठवून ठेवलेलं मटेरियल वापरतात, इलेक्ट्रेट म्हणतात त्याला, १९६२ मध्ये अमेरिकेच्या बेल लॅब्ज या संशोधन संस्थेत गेरहार्ड सेसलर अन् जेम्स वेस्ट यांनी हे जमवलं, त्यामुळे माईक स्वस्त झाले, लहान झाले अन् दोन-तीन व्होल्टवर चालायला लागले.

आता ओम्नी का ऐकतो सगळीकडून. तबला अन् डफ डोळ्यासमोर आणा. तबल्याला एका बाजूनं चामडं, बाकी भांडं बंद. डफ दोन्ही बाजूंनी उघडा. ओम्नी माईक तबल्याच्या जातीचा आहे, पडद्याच्या मागची पोकळी बंद (एक बारीक छिद्र असतं, पण ते फक्त हवामानाचा दाब सारखा राहावा म्हणून). आवाज कुठूनही येवो, पडद्यावर बाहेरून दाब वाढला की तो आत दबतो, दाब कमी झाला की बाहेर येतो, अन् दाबाला दिशा नसते, म्हणून माईकलाही दिशा नसते. डफासारखा दोन्हीकडून उघडा पडदा असेल तर बाजूनं येणारा आवाज पुढून-मागून एकाच वेळी सारखा दाबतो, पडदा हलतच नाही, असा माईक फक्त समोरचं अन् मागचं ऐकतो. अन् मागची बाजू अर्धवट, मोजूनमापून उघडी ठेवली की कार्डिऑइड होतो, समोरचं जास्त अन् मागचं जवळजवळ नाही.

या बंद पाठीमुळे तीन फायदे होतात अन् तिन्ही आपल्या कामाचे आहेत. खर्ज पूर्ण येतो, २० हर्ट्झपर्यंत किंवा त्याच्याही खाली, मोठ्या ढोलाचा धमका छातीला बसतो तो रेकॉर्डिंगमध्ये राहतो, कार्डिऑइड लांब ठेवला की नेमका हाच गळून जातो. दुसरं, गायक माईकच्या जवळ गेला तर आवाज उगाच घुमा, जाड होत नाही, दिशावाले माईक जवळून खर्ज फुगवतात. तिसरं म्हणजे वारा अन् हाताची, स्टँडची खडखड याचा त्रास कमी होतो. कमी म्हणतो आहे, नाही होत असं नाही, चैत्र-वैशाखातल्या दुपारच्या वाऱ्यात केसाळ टोपी घातल्याशिवाय कुठलाच माईक बाहेर काढू नका.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा, ओम्नी हा खरा ओम्नी खालच्या अन् मधल्या सुरांनाच असतो. आवाजाच्या लहरीची लांबी माईकच्या आकाराच्या जवळ आली की माईकचं अंगच आडवं येतं. १०० हर्ट्झची लहर साडेतीन मीटरच्या आसपास, १००० हर्ट्झची ३४ सेंमी, पण १०,००० हर्ट्झची साडेतीन सेंमीच असते. म्हणून मागून वाजणाऱ्या खंजिरीची चकाकी थोडी मंद येते, अन् माईक जेवढा बारीक तेवढा हा दोष कमी. गंमत म्हणजे जर्मनीच्या नॉयमान कंपनीनं याच दोषाचा फायदा करून घेतला. त्यांच्या एम ५० माईकमध्ये १२ मिमीची कॅप्सूल ४० मिमीच्या गोळ्यात बसवली होती, त्या गोळ्यामुळे समोरचे वरचे सूर उठून येतात, अन् ऑर्केस्ट्रापासून लांब टांगलेल्या माईकला तेच पाहिजे असतं कारण लांबवर पोचेपर्यंत वरचे सूर विरलेले असतात.

आता स्टेरिओकडे येऊ. दोन्ही ओम्नी सगळीकडून सारखंच ऐकणार, मग डावं-उजवं कळणार कसं? वेळेवरून. आवाज एका मिलीसेकंदात साधारण ३४ सेंमी जातो. डावीकडच्या ढोलकीचा आवाज डाव्या माईकला आधी पोचतो, उजव्याला जरा नंतर, अन् आपला मेंदू या अंतरावर फार हुशार आहे, आपल्या दोन कानांत तर जास्तीत जास्त पाऊण मिलीसेकंदाचाही फरक पडत नाही तरी कोणती फांदी मोडली ते आपण अंधारात सांगतो. स्पीकरवर ऐकताना दोन्ही बाजूंत एक ते दीड मिलीसेकंदाचा फरक पडला की आवाज पूर्ण एका स्पीकरमधून येतो आहे असं वाटायला लागतं.

यातून अंतर काढायची सोपी रीत निघते, अन् त्यासाठी कॅल्क्युलेटर नाही, सुतळी लागते. दोन माईक एका आडव्या पट्टीवर शेजारी लावा. सगळ्यात कडेला जो बसला आहे त्याच्यापासून जवळच्या माईकपर्यंत सुतळी धरा, मग त्याच माणसापासून दूरच्या माईकपर्यंत. दोन लांब्यांत ३५ सेंमीच्या आसपास फरक आला की तो माणूस स्टेरिओच्या बरोबर कडेला दिसेल. चार मीटरवर आठ मीटर रुंद दंडार असेल तर दोन माईकमधलं अंतर ५० सेंमी भरतं. मागं गेलात, दंडार नजरेत अरुंद झाली, तर माईक फाकवायचे, मीटरभर सुद्धा चालतात. जवळ गेलात तर ४० वर आणायचे. पुस्तकात ५० लिहिलं आहे म्हणून सगळीकडे ५० लावणाऱ्यांची रेकॉर्डिंग एक तर मधे चोंदलेली असते नाहीतर डावं-उजवं भांडत असल्यासारखी.

माईक फार लांब लांब लावले तर मधली जागा रिकामी पडते, गायक मधे उभा पण आवाजात तिथं कोणीच नाही. हे मोठ्या लोकांनाही सोडवावं लागलं होतं. २७ एप्रिल १९३३ ला बेल लॅब्जनं फिलाडेल्फियात वाजणारा ऑर्केस्ट्रा टेलिफोनच्या तारांवरून वॉशिंग्टनच्या सभागृहात ऐकवला, तेव्हा तीन माईक अन् समोर तीन स्पीकर वापरले होते, मधला त्याच्यासाठीच. पुढं १९५४ मध्ये इंग्लंडच्या डेक्का कंपनीच्या रॉय वॉलेस अन् आर्थर हॅडी यांनी डेक्का ट्री उभं केलं, डावा-उजवा ओम्नी दोनेक मीटर अंतरावर अन् मधला दीडेक मीटर पुढं, सगळं कंडक्टरच्या, म्हणजे ऑर्केस्ट्रा चालवणाऱ्याच्या, डोक्याच्या वर टांगलेलं. आजही सिनेमाचं पार्श्वसंगीत मोठ्या ऑर्केस्ट्रावर धरताना हेच झाड उभं करतात.

मग आपणही मंदिरात तीन ओम्नी तीन मीटर उंचावर टांगायचे का? नाही, अन् का नाही हे समजलं तर अर्धी रेकॉर्डिंग समजली.

बंद जागेत प्रत्येक आवाज दोनदा पोचतो. एक थेट तोंडातून माईककडे, दुसरा भिंतींवर, छतावर, फरशीवर आपटून आपटून. थेट आवाज अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबलनं घटतो, पण आपटलेली गुंज मात्र खोलीभर जवळपास सारखीच असते. म्हणजे गायकापासून मागं मागं सरकत गेलं की एक जागा अशी येते जिथं दोन्ही बरोबरीत येतात. तिला क्रिटिकल डिस्टन्स म्हणतात. तिच्या फार पलीकडे माईक लावला की शब्द विरघळतात. काढायची रीत अशी: खोलीचं घनफळ घनमीटरमध्ये घ्या, त्याला गुंज किती सेकंद टिकते त्यानं भागा, वर्गमूळ काढा, ०.०५७ नं गुणा, उत्तर मीटरमध्ये येतं.

व्हिएन्नाच्या प्रसिद्ध मुसिकफेराइन सभागृहाचं घनफळ साधारण १५,००० घनमीटर अन् भरलेल्या सभेत गुंज २ सेकंद. उत्तर येतं पाच मीटरच्या आसपास. म्हणून तिथं माईक लांब, उंच टांगले तरी व्हायोलिन स्पष्ट अन् सभागृहाचा गोडवाही सोबत. आता आपल्या गावातला सभामंडप घ्या, १० मीटर लांब, ८ रुंद, ४ उंच, वर स्लॅब, खाली चकचकीत टाईल्स, भिंतींना ऑईल पेंट. घनफळ ३२० अन् रिकाम्यात गुंज अडीच सेकंद धरली तर उत्तर ६५ सेंमी! मीटरभरही नाही. तुम्ही दोन मीटरवर ओम्नी लावला तर गुंजच गुंज येणार अन् मग माईक खराब आहे म्हणून त्याला बोल लागणार. कार्डिऑइडनं तरी किती फरक पडेल, तो या हिशोबात १.७ पट लांब जाऊ शकतो, म्हणजे मीटरभर. सुटका त्यातही नाही.

सुटका खोलीत आहे. सतरंज्या टाका, गाद्या अन् वाकळी भिंतीला लावा, दारं-खिडक्या सताड उघडा (बाहेर गेलेला आवाज परत येत नाही, उघडं दार हे सगळ्यात चांगलं शोषण आहे), अन् ऐकणाऱ्या मंडळींना आत बसवा, माणसाचे कपडेही आवाज चांगला पितात. गुंज निम्म्यावर आली तर तेच अंतर ९० सेंमीपर्यंत जातं. अन् भजनी मंडळाला ओळीत न बसवता माईकभोवती अर्धगोलात बसवा, सगळे मीटरभर अंतरावर, पेटी जरा मागं, टाळ आणखी मागं, मुख्य गाणारा मधे अन् जरा पुढं. आवाज कमीजास्त करायचं बटण इथं नाही, माणूस हातभर सरकवायचा, हेच मिक्सिंग. तुकडोजी महाराजांच्या परंपरेतली खंजिरी भजनं तर या पद्धतीसाठीच आहेत असं मला वाटतं, खंजिरी अन् गळा एकाच माणसाकडे, झील सगळ्या बाजूंनी, ओम्नीला ते बरोबर कळतं. पण मंडळाला एक विनंती हात जोडून करायची, तेवढा वेळ भोंगा अन् साऊंड बंद. ओम्नीला स्पीकरकडे पाठ करता येत नाही.

त्यापेक्षाही चांगलं म्हणजे बाहेर या. अंगणात, सांदवाडीत, पिंपळाच्या पारावर गुंज नसतेच, मग ओम्नी लांब ठेवायला मोकळीक मिळते. उघड्यावर अडचण वेगळी, बाकीचं गावही येतं. दंडारीच्या रात्री जनरेटर चालू असतो, त्याचं गणित परत तेच ६ डेसिबलचं. दंडार माईकपासून चार मीटर अन् जनरेटर चाळीस मीटर असेल तर निव्वळ अंतरामुळे तो २० डेसिबल खाली जातो. म्हणून आयोजकांशी आधी बोलून वायर लांब घ्यायला लावा अन् जनरेटर घराच्या आड ठेवा, हे कुठल्याही महागड्या माईकपेक्षा कामी येतं. माईक बांबूवर अडीच-तीन मीटर उंच, म्हणजे समोर बसलेल्यांची खोकली अन् पोरांची रडारड जरा खाली राहते. अगदीच राहणार नाही, अन् राहू नये असंच मला वाटतं. झिलकरी झील देतात तेव्हा मागून म्हातारे लोक दाद देतात, खडी गंमतीत नाच्याच्या बोलावर बाया हसतात, तो आवाज काढून टाकला तर शिल्लक राहील ते स्टुडिओतलं गाणं, दंडार नाही. आपल्या भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत हे करणारे जुने लोक कमी होत चालले आहेत, त्यांचं रेकॉर्डिंग मोबाईलच्या व्हिडिओत होतं अन् मोबाईल आपल्या मनानं आवाज खालीवर करतो, गाणं थांबलं की गर्दी फुगवतो, ढोल वाजला की सगळं दाबतो. त्यातून आवाजाची खरी चढउतार परत काढता येत नाही.

जिथं डीजे शेजारीच आहे किंवा हायवे लागून आहे तिथं मात्र ओम्नीचा हट्ट धरू नका, दोन कार्डिऑइड १७ सेंमीवर, ११० अंशांत फाकवून लावा अन् काम भागवा.

जंगल अन् वावरातला आवाज धरायचा असेल तर आणखी एक आकडा पाहावा लागतो, माईकचा स्वतःचा आवाज. प्रत्येक माईकमधून बारीक शूऽऽ येत असते. ढोलापुढं ती कळत नाही, पण थंडीतल्या शांत रात्री बोडीवर, म्हणजे गावतळ्यावर, आजूबाजूचा आवाज २० डेसिबलच्या आसपास उतरतो अन् कॉलरचा साधा माईक स्वतःच २५-३० चा सूर लावून बसलेला असतो, मग तुम्ही रातवा पक्ष्याऐवजी माईकच ऐकता. १५ च्या खाली असलेला माईक घ्या. जपानच्या प्रिमो कंपनीची ईएम २७२ नावाची १० मिमीची इलेक्ट्रेट कॅप्सूल १४ डेसिबलची आहे अन् जगभरचे निसर्ग रेकॉर्ड करणारे हौशी लोक तीच वापरतात, ४८ व्होल्टची गरज नाही, साध्या रेकॉर्डरच्या माईक जॅकवर चालते. सेनहायझरचा एमकेएच २० हा १० डेसिबलचा, पण तो वेगळ्याच खर्चाचा विषय आहे. काहीच घ्यायचं नसेल तर टॅस्कॅम डीआर-०५ सारख्या रेकॉर्डरमध्ये जोडीनं ओम्नीच दिलेले असतात, शिकायला ते पुरेत.

इथं एक सुंदर युक्ती आहे. मोहाचं किंवा ऐनाचं फूट-दीड फूट जाडीचं झाड पाहा अन् त्याच्या दोन बाजूंना एकेक कॅप्सूल बांधा. वेळेचा फरक तर पडतोच, वर खोडाची आडही मिळते, डावीकडची टिटवी उजव्या माईकला जरा मंद ऐकू येते, अन् हेडफोनवर ऐकलं की आपण झाडाला टेकून बसलो आहोत असं वाटतं. स्विस रेडिओचे युर्ग येक्लिन यांनी हेच सभागृहासाठी केलं होतं, ३० सेंमीची गोल चकती, तिच्यावर आवाज शोषणारं आवरण अन् दोन्ही बाजूंना ओम्नी, आपसात १६.५ सेंमी. गावातला सुतार प्लायची चकती कापून देतो, दोन्हीकडून जाड फोम चिकटवला की झालं.

व्याघ्र प्रकल्पात परवानगीशिवाय माईक घेऊन शिरू नका, त्याची गरजही नाही. गोंदियाकडे धानाच्या बांध्यांत सारसाची जोडी पहाटे एका सुरात ओरडते, पावसाच्या तोंडावर पावश्या 'पेरते व्हा' करत फिरतो, पहिल्या पावसाच्या रात्री बोडीतले बेडूक, हे सगळं धुऱ्यावरून मिळतं. वेळ पहाटेची निवडा, वारा पडलेला असतो, जमिनीजवळ थंड हवा अन् वर गरम असली की लांबचा आवाजही खाली वाकून येतो, अन् मोटारपंप, ट्रॅक्टर अजून सुरू झालेले नसतात. माईक लावून तुम्ही पन्नास पावलं लांब जाऊन बसा, ओम्नीला तुमचा श्वासही ऐकू येतो.

रेकॉर्डर २४ बिट, ४८ किलोहर्ट्झवर ठेवा, ऑटो लेव्हल बंद, सगळ्यात मोठा आवाज रेकॉर्डरच्या मीटरवर उणे १२ डेसिबलच्या पुढं जाऊ देऊ नका. वॅव फाईलच ठेवा, व्हॉट्सॲपवर ऑडिओ म्हणून पाठवताना आवाज दाबला जातो.

लोक ऐकतात कशावर हेही पाहा. गावात बहुतेक ऐकणं एका ब्लूटूथ स्पीकरवर होतं, तो डावं-उजवं एकत्र करतो, अन् मिलीसेकंदानं मागंपुढं असलेले दोन आवाज मिसळले की काही सूर एकमेकांना खाऊन टाकतात. एका मिलीसेकंदाच्या फरकाला पहिला खड्डा ५०० हर्ट्झला पडतो, म्हणजे बरोबर माणसाच्या गळ्यात, म्हणून कडेला बसलेल्याचा आवाज पोकळ, डब्यातून आल्यासारखा लागतो. अशा वेळी दोन्ही बाजू मिसळू नका, फक्त डावा किंवा फक्त उजवा माईक दोन्हीकडे लावून वेगळी फाईल करून द्या. ओम्नी असल्यामुळे एकाच माईकमध्येही सगळी मंडळी असतातच.

शेवटचं काम सांभाळायचं. कंडेन्सरला ओल चालत नाही, आतला भार ओलीतून गळतो अन् चरचर, फुटफुट ऐकू येते, आपल्याकडे आषाढ-श्रावणात हे हमखास होतं. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा, पुड्या ओल धरतात म्हणून महिन्यातून एकदा मंद आचेवर सुकवून घ्या. थंडीत बाहेरून आणलेला माईक लगेच चहाच्या वाफेजवळ, चुलीजवळ नेऊ नका, आत दव धरतं, डब्यातच अर्धा तास राहू द्या. अन् मे महिन्यात बंद गाडीत तर मुळीच ठेवू नका.